टाळ्या वाजवायला विहीण

"नागुबाईंना आपण बाजूला बसवू या. त्या टाळ्या वाजवतील. गाण्याला ताल लागतोच ना," कला सप्ताहाचे साईनाथ सर म्हणाले.

माझ्या हातात त्यांनीच दिलेला चहाचा कागदी कप होता. तो मी टेबलावर ठेवला. आपटायला पाहिजे होता. पण टेबलावर कार्यक्रमपत्रिकांचा गठ्ठा होता आणि त्यात जन्मात पहिल्यांदा माझं नाव छापून आलं होतं. अशा वेळी माणूस किती लगेच शहाणा होतो बघा.

नागुबाई म्हणजे माझी विहीण. माझी करिष्मा तिच्या केदारीला दिलीय, निपाणीला. तालमीसाठी म्हणून ती सकाळच्या बसनं बेळगावला आली होती आणि माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती. डोक्यावर पदर, पायाशी पिशवी. सर बोलले ते तिनं ऐकलं. मराठी तिला चांगली कळते. माहेर चिकोडीकडचं, घरात कानडी, पण निपाणीत बायकांच्या घोळक्यात बिड्या वळण्यात उभं आयुष्य गेलेलं. तिथं कुठली बाई कुठल्या भाषेत करवादली याचा हिशेब कोण ठेवतं?

"टाळ्या?" मी विचारलं.

"म्हणजे तुम्ही म्हणायचं आणि त्यांनी साथ द्यायची."

"सर, ते गाणं दोघींचं आहे. मी डिवचायचं, तिनं उत्तर द्यायचं."

"उत्तराची कडवी कानडीत आहेत ना, ताई. गुरुवारचं व्यासपीठ मराठीचं आहे. वातावरण बघताय तुम्ही. उगाच कुणीतरी उठेल, घोषणा देईल. मग पोलीस, मग परवानगीचा प्रश्न. मला वैयक्तिक काहीच अडचण नाही."

हे 'वैयक्तिक' म्हणणारे लोक मला फार आवडतात. त्यांना कधीच कशाची अडचण नसते आणि काम मात्र कधीच होत नाही.

"मग आम्हाला शुक्रवारी घाला. शुक्रवार कानडीचा आहे."

सर जरा कसंनुसं हसले. "विचारलं मी. त्यांचं म्हणणं, नागुबाई गातील आणि तुम्ही टाळ्या वाजवा."

नागुबाई तेव्हा भिंतीवरचं पोस्टर बघत होती. हूं नाही की चूं नाही. आणि तिथंच मला भीती वाटली, कारण ही बाई गप्प बसणारी नव्हे.

आता ज्यांना हे गाणं माहीत नाही त्यांना सांगते. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत मुलीकडच्या बायका वरमाईला गाण्यातून चिडवतात. तिच्या साडीवर बोलायचं, चालीवर बोलायचं, खाण्यावर बोलायचं. त्याला आम्ही 'विहीण म्हणणं' म्हणतो. कानडी घरांतही हेच चालतं, त्यांची बीगरांची पदं असतात. विहिणीला ते बीगती म्हणतात. आमच्या पट्ट्यात एक घर मराठी आणि एक घर कानडी अशी लग्नं पहिल्यापासून होतात, त्यामुळं प्रश्न एका भाषेत आणि उत्तर दुसऱ्या भाषेत, असं आपोआप झालेलं आहे. ते कुणी ठरवून केलेलं नाही. नियम एकच. जिचं तोंड आधी मिटलं ती हरली. आणि वरमाय जर उत्तर न देता बसून राहिली, तर ते गाणं राहतच नाही. ती चार लोकांत बाईला दिलेली शिवी होते.

करिष्माच्या लग्नात मी उभी राहिले आणि म्हटलं,

आली आली वरमाय, केवढा तिचा थाट
पंगत अजून बसायची, हिनं आधी मांडलं ताट!

आमच्या वडगावच्या बायका खिदळल्या. मला वाटलं, जिंकले. तर समोरून ही काळीसावळी, किरकोळ अंगाची बाई हातातला द्रोण खाली ठेवून उठली आणि मांडवाच्या पार त्या टोकाला जाईल अशा आवाजात म्हणाली,

ऊटक्क बंदिल्ल बीगती, सोसी करियाक बंदीनि
निम्म तुप्पदाग नीरु ऐति, नम्म तुप्पा तंदीनि!

जेवायला न्हाय आले बीगती, सून न्यायला आलेय. तुमच्या तुपात पाणी हाय, म्हणून आमचं तूप घेऊन आलेय. सगळा मांडव माझ्याकडं बघून हसला. आमचा आचारीसुद्धा हसला, ज्याच्या तुपाबद्दल ती बोलत होती. त्या दिवशी मी हरले आणि लेक चांगल्या घरात पडली एवढं मात्र कळलं.

तेव्हापासून कुणाच्याही लग्नात आम्हाला दोघींना समोरासमोर उभं करतात. मागल्या वर्षी शहापुरातल्या एका लग्नात कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं, ते फिरलं, आणि फिरत फिरत ह्या कला सप्ताहाच्या लोकांपर्यंत गेलं. साईनाथ सर घरी आले होते. फॉल-पिकोच्या मशीनसमोर, साड्यांच्या ढिगात बसून म्हणाले होते, "ताई, हे खरं मातीतलं आहे." तेव्हा त्यांना त्या मातीत काय काय मिसळलंय ते दिसलं नसावं.

सप्ताहानं तर बेळगावात नुसता उच्छाद मांडलेला. जिकडं मैदान तिकडं मांडव. इकडं एकांकिका, तिकडं बासरी, तिसरीकडं चित्रांचं प्रदर्शन, आणि मधल्या सगळ्या रस्त्यांवर बॅरिकेड. वडगावातून बाजारात जायचं तर रिक्षावाला म्हणे, "मावशी, आज संस्कृती हाय, लांबनं जावं लागंल." मुख्य मैदानावर दोन व्यासपीठं, आणि प्रवेशाला ही मोठी कमान: 'कलेला भाषा नसते.' हे तीन भाषांत लिहिलेलं. कुठली भाषा वर घ्यायची यावरून आधी भांडण झालं, म्हणून मग तिन्ही शेजारी शेजारी घेतल्या आणि अक्षरं सारखी आहेत का ते टेप लावून मोजलं, असं मंडपवालाच सांगत होता.

शनिवारी शेवटचा मोठा कार्यक्रम होता. बेंगळूरची पोरं, गिटारवाली. ती मराठी, कानडी, हिंदी सगळं एकत्र करून गाणार होती. पत्रिकेत त्याला 'फ्यूजन' म्हटलं होतं. त्यांनी मिसळलं की फ्यूजन, आम्ही मिसळलं की भेसळ.

ऑफिसातून आम्ही रिक्षानं घरी आलो. नागुबाईनं हातपाय धुतले, करिष्मानं दिलेल्या चकल्या काढून माझ्या डब्यात भरल्या आणि म्हणाली, "मी उद्याच्या बसनं जाते."

"का?"

"टाळ्या काय निपाणीत बसून बी वाजवता येत्यात."

"मी पण जात नाही मग. मरू दे त्यांचा गुरुवार."

"तसं कसं? केदारीनं कारखान्यात सगळ्यास्नी सांगितलंय. आमच्या गल्लीतली अंबुबाई करिष्माला म्हणाली, आता तुझी आत्ती, तुझी सासू, टीव्हीवर यायची. ती करिष्मा तर..." एवढं म्हणून ती थांबली. मग हळूच विचारलं, "त्येस्नी मराठीतच पायजे व्हय? मग मी मराठीत म्हणू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मशीनवर बसले होते, तर ही मागच्या खोलीत तांदूळ निवडता निवडता पुटपुटत होती. मशीन थांबवून ऐकलं.

"जेवायला न्हाय आले बीगती... न्हाय न्हाय, बीगती नको. जेवायला न्हाय आले विहीणबाई, सून न्यायला आले. तुमच्या तुपात पाणी, म्हणून आमचं तूप आणले... आणलं... आणले."

परत पहिल्यापासून. यमक जुळत होतं. पण शाळेत साहेब आल्यावर पोरगी कविता म्हणते तसं म्हणत होती, मान खाली घालून, एकेक शब्दावर पाय ठेवून. मला दारात बघितल्यावर तिनं विचारलं, "बरोबर हाय का ओ?"

भर मांडवात शेकडो माणसांसमोर जिनं कधी कुणाला विचारलं नाही, ती मला विचारत होती बरोबर आहे का. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण ती आग तिच्यावर काढून काय उपयोग? आणि तरी काढलीच.

"कशाला म्हणतासा असलं? भीक मागतासा काय त्यांच्याकडं?"

"मग काय करू? मुकी बसू? तुम्ही मला पंगतीआधी ताट मांडणारी म्हणणार आणि मी हसून टाळ्या वाजवणार? लोक काय म्हणतील, वरमाय दातखीळ बसल्यागत बसली?"

"मी म्हणणारच नाही तसं."

"मग काय म्हणणार? आरती?"

भांडणात ती माझ्यापेक्षा नेहमीच वरचढ. मी फोन उचलला आणि साईनाथ सरांना लावला, तिच्यासमोरच, आवाज मोठा करून. म्हटलं, "सर, नागुबाई मराठीत म्हणायला तयार आहेत. झालं का तुमचं?"

पलीकडनं सर म्हणाले, "ताई, भावना पोचली. पण त्यांच्या उच्चारात तो हेल येतो हो. मराठी मंचावर ते जरा... प्रमुख पाहुणे भाषेच्या बाबतीत काटेकोर आहेत. त्यापेक्षा टाळ्याच बऱ्या."

मी फोन ठेवला. नागुबाईनं तांदळाचं ताट उचललं आणि पुन्हा निवडायला घेतलं. निवडून झालेले तांदूळ होते ते.

तेवढ्यात करिष्माचा फोन आला. "आई, आत्ती कशी आहे? जेवली का? तू तिला काही बोललीस तर नाहीस ना?" म्हटलं, मी नाही बोलले, बोलणारे दुसरे आहेत. सगळं ऐकून पोरगी म्हणाली, "आई, एक सांगते. तू एकटी गायलीस ना, तर ती मला काही म्हणायची नाही. घरात कुणालाच काही म्हणायची नाही. पण परत कुठल्या लग्नात उभी राहणार नाही. मी ओळखते तिला."

एवढंच होतं बघा सगळं. सप्ताह सात दिवसांनी उठणार, कमान उतरणार, सर पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी मातीतलं शोधणार. आणि माझ्या समोरची बाई कायमची खाली बसणार.

बुधवारी मी सरांना कळवलं, "मी एकटी गाते. नागुबाई टाळ्या वाजवणार नाहीत. पण वरमाय आहे ती, तिला पुढं सोफ्यावर बसवायचं, पाहुण्यांच्या रांगेत. हे होत नसेल तर मी येत नाही." सर इतके सुटल्यासारखे झाले की दोन सोफे देतो म्हणाले.

नागुबाईला हे पटवायला सगळी सकाळ गेली. "मी सोफ्यावर बसून काय करू?"

"बसायचं. वरमाईसारखं."

"आणि तुम्ही काय गाणार?"

"ऐका तिथं."

"लई मोठ्या झालासा," ती म्हणाली, पण ट्रंकेतली माझी अंजिरी इरकल मागून घेतली. स्वतःची चांगली होती, तरी माझीच नेसली. माझी वस्तू वापरायला घेतली म्हणजे तिचा राग थोडा उतरलाय एवढं मला कळतं.

गुरुवारी मैदान भरलं होतं. आमच्या गल्लीतल्या बायका पार मागं, कापडी कनातीला चिकटून बसलेल्या. पुढं सोफे, सोफ्यावर पाहुणे, पाहुण्यांच्या गळ्यात हार, आणि कडेच्या सोफ्यावर माझी अंजिरी इरकल. निवेदिकेनं सांगितलं, आता लोप पावत चाललेली लग्नगीतं सादर होतील. लोप पावत चाललेली! मागल्या महिन्यात तीन लग्नं केलीत आम्ही.

माईकसमोर उभी राहिले. मी सातवी शिकलेली बाई, सभेत बोलायची सवय नाही. पण मांडवात उभं राहायची सवय आहे, आणि हा मांडवच होता. मांडव ज्यानं घातला त्याला चिडवायचा हक्क पाहुणीला असतो. चाल नेहमीचीच धरली.

मांडव घातला केवढा मोठा, तोरण लावलं दारी
वरमाईला म्हणती टाळ्या वाजव, अक्कल गेली कुणाच्या घरी?

मागं बायका फसकन हसल्या. पुढचे पाहुणेही हसले, त्यांना वाटलं जुनं काहीतरी आहे. साईनाथ सर विंगेत हसता हसता थांबले. नियमाप्रमाणं मी उत्तरासाठी थांबले, जेवढं थांबतात तेवढं. उत्तर कोण देणार? सर देणार? मी दुसरं घेतलं.

सोफ्यावरती बसले साहेब, हार घातले गळा
जीभ कापून गाणं मागती, असला यांचा लळा!

आता कुणी हसलं नाही. सगळं शुद्ध मराठीत होतं, एक अक्षर इकडचं तिकडं नव्हतं, काटेकोर पाहुण्यांना हरकत घ्यायला जागा नव्हती. ते शेजारच्याकडं वाकून काहीतरी विचारत होते. सर मला हातानं खुणा करत होते, आटपा, आटपा. मी तिसऱ्याला तोंड उघडलं आणि माझा आवाज अचानक लहान झाला. माईक बंद केला होता.

स्पीकरवरून निवेदिका म्हणाली, धन्यवाद, यानंतर शाळेच्या मुलींचं समूहनृत्य. ढोलकी सुरूही झाली. मी तरी म्हणत राहिले. काय म्हणाले ते आता आठवतही नाही. रागानं रडू येत होतं आणि मी रडत गात होते, आणि ते कुणालाही ऐकू जात नव्हतं. नऊवारीतल्या मुली विंगेतून येऊन माझ्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या, बिचाऱ्या. त्यांना नाचायचं होतं.

तेव्हा ती उठली. सोफ्याच्या पुढं आली, कमरेवर एक हात ठेवला, आणि ढोलकीच्या वर, स्पीकरच्या वर, करिष्माच्या लग्नातल्या त्या पहिल्या दिवसासारखा आवाज काढला.

बायि माडब्याड बीगती, गंटल हरदीतु
निन्न मातिगि नन्न मातु यावाग सोतीतु?

ओरडू नको बीगती, गळा फाटंल. तुझ्या बोलण्यापुढं माझं बोलणं कधी हरलंय?

मागं कनातीशी आमच्या बायकांनी जो गलका केला तो सभेतल्या टाळ्यांचा नव्हता, लग्नाच्या मांडवातला होता. कुणीतरी "ए, काय चाललंय" म्हणून ओरडलं. दुसऱ्या बाजूनं आणखी कोण तरी "म्हणू द्या की!" म्हणालं. दोन पोलीस कडेनं पुढं सरकले. ढोलकी वाढवली. सर माझा दंड धरून मला खाली घेऊन आले, म्हणाले, "ताई, काय केलंत हे? मी केवढा विश्वास ठेवला होता तुमच्यावर!" त्यांचा चेहरा खरोखर दुखावलेला होता. मला त्यांची जरासुद्धा कीव आली नाही.

"सर," मी म्हटलं, "उत्तर द्यायचं असेल तर गाण्यात द्या. दंड सोडा."

त्यांनी सोडला. शाल आणि नारळ ठेवलेलं तबक तिथंच होतं, ते कुणी पुढं केलं नाही, आणि आम्हीही बघितलं नाही.

बाहेर बॅरिकेडपर्यंत चालत जावं लागलं. नागुबाई पुढं, मी मागं. तिचा पाय जोरात पडत होता. मला वाटलं, आता हात धरेल, काहीतरी बोलेल, बरं केलंत म्हणेल. रिक्षात बसल्यावर तिनं पदर सारखा केला आणि रस्त्याकडं बघत म्हणाली,

"हरलासा तुम्ही, बीगती."

"मी? मी कशी हरले?"

"माझं कडवं शेवटी झालं. त्याच्यावर तुमचं उत्तर न्हाय आलं."

"अहो, उत्तर कसं येणार? माझा माईक बंद केला त्यांनी!"

ती माझ्याकडं वळली. डोळे लाल झालेले, पण तोंडावर ते जुनं, मला लग्नापासून छळणारं हसू.

"माझा तर लावलाच न्हवता," ती म्हणाली.